शेऱ्याची ओळ

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

व्यासपीठावरील मुख्याध्यापक सर, पहिल्या रांगेत बसलेले आपले सर्व गुरुजन, आणि १९८७ च्या दहावीच्या माझ्या वर्गमित्र-मैत्रिणींनो,

संयोजकांचा फोन आला तेव्हा मी नाही म्हणत होते. पलीकडून उत्तर आलं, "अगं, तू मास्तरीण. तुला बोलायला काय लागतं? वीस मिनिटं बोल, मग जेवण आहे." म्हणजे माझ्या आणि तुमच्या जेवणाच्या मध्ये मी उभी आहे याची मला कल्पना आहे. तरीही वीस मिनिटं घेणार आहे, कारण आज बोलायचा विषय माझ्या मनात बरीच वर्षं आहे आणि तो ऐकायला हव्या त्या बाई समोर बसल्या आहेत.

येताना मी एक वही आणली आहे. ही माझी आठवीची निबंधाची वही, १९८४ ची. खाकी कव्हर, वर नाव-इयत्ता-तुकडीचं लेबल. आईने ती पत्र्याच्या पेटीत ठेवली होती म्हणून वाचली, नाहीतर एवढ्या पावसाळ्यांत टिकली नसती.

या वहीत 'माझे गाव' नावाचा निबंध आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तेव्हा काय लिहिलं होतं ते मी आजही सांगू शकते. गावाच्या मधोमध झुळझुळ वाहणारी नदी, काठावर देऊळ, मागे डोंगर. वसई पश्चिमेच्या वाड्यांमधली आपण पोरं, आपल्या गावात ना डोंगर ना झुळझुळ नदी! पण गाइडमध्ये होती, म्हणून आपल्या गावांतूनही वाहिली. मीही ती नदी लिहिली. फक्त तिसऱ्या परिच्छेदात, का कोण जाणे, एक वाक्य खरं लिहून गेले: "आमच्या वाडीत बावखल आहे व त्यावर रहाट आहे."

आपल्या बाई तेव्हा नुकत्याच देशावरून वसईला आल्या होत्या. त्यांना बावखल माहीत असायचं कारण नव्हतं. दुसऱ्या कुणी तो शब्द लाल शाईने खोडून वर 'तळे' लिहिलं असतं, आणि मीही आयुष्यभर 'तळे' लिहिलं असतं. बाईंनी नदीला हात लावला नाही, देवळाला लावला नाही. त्या एका शब्दाखाली रेघ मारली आणि समासात लिहिलं: "बावखल म्हणजे तळेच का? की काही वेगळे? मला माहीत नाही. सांगशील?"

मी ते वाचून घाबरले. बाईंना माहीत नाही, असं वहीत लिहिलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. आणि मला माहीत आहे असं मला वाटत होतं, पण सांगायला बसले तर सांगता येईना. मग आजोबांना विचारलं. त्यांनी विहीर वेगळी, तळं वेगळं, बावखल वेगळं हे समजावलं. तळं गावाचं. बावखल वाडीचं, वाडवडिलांनी खणलेलं. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं, आणि ते मुरतं म्हणून आजूबाजूच्या विहिरींचं पाणी गोडं राहतं, समुद्र इतका जवळ असूनही. त्याच पाण्यावर केळी, पानवेल, भाजी. हे सगळं मी अर्धं पान भरून वहीत लिहिलं. तोवर एवढं लांब मी स्वतःचं काही लिहिलंच नव्हतं.

त्या अर्ध्या पानाखाली बाईंनी काय लिहिलं ते शेवटी सांगते.

आता तीस वर्षं पुढे जाऊ. नालासोपारा पूर्वेला एका शाळेत मी मराठी शिकवते. आपल्या वेळी आपण 'बाई' म्हणायचो, आता मला 'मॅडम' म्हणतात, आणि लहान वर्गातली मुलं 'टीचर'. आठवीच्या दोन तुकड्या, एकेका तुकडीत चौसष्ट मुलं. म्हणजे निबंधाच्या एकशे अठ्ठावीस वह्या. एका वहीला नीट वाचून पाच मिनिटं द्यायची म्हटली तर सहाशे चाळीस मिनिटं, दहा तास चाळीस मिनिटं. आणि ही एका निबंधाची. मग आम्ही शिक्षक काय करतो? शेरे मारतो. "छान." "सुवाच्य लिहा." "मुद्द्यांचा विस्तार करा." "शुद्धलेखनाकडे लक्ष द्या." माझे तर हात इतके बसले होते की टीव्हीवर बातम्या बघत मी वह्या तपासायचे. मला वाटायचं, यात काय बिघडतं?

काय बिघडतं ते मला एका मुलाने दाखवलं. त्याचं नाव सांगत नाही.

२०१८ च्या जुलैतला पाऊस तुम्हाला आठवत असेल. नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढलं, गाड्या बंद पडल्या, वीज गेली, वसईच्या मिठागरांत माणसं अडकली. शाळा पुन्हा सुरू झाल्यावर मी मुलांना निबंध दिला, 'पावसाळ्यातील एक दिवस'. एकशे अठ्ठावीस वह्यांमध्ये मोर नाचला, बेडूक ओरडले, आणि सृष्टीने हिरवा शालू नेसला. घरात गुडघाभर पाणी शिरलेल्या मुलांच्या वह्यांतसुद्धा हिरवा शालूच!

एका मुलाने मात्र सात ओळी लिहिल्या होत्या. घरी हिंदी बोलणारं कुटुंब, वडील शिवणकाम करणारे. शाळा जवळ म्हणून मराठी माध्यमात घातलेला, मागच्या बाकावरचा, कधी न बोलणारा मुलगा. त्याने लिहिलं होतं, पाणी आले, पप्पांनी मशीन पलंगावर ठेवली, पलंग एकच आहे, मग दादी कुठे बसणार.

मी काय केलं? 'ठेवली' खोडून 'ठेवले' केलं, कारण हिंदीत ती मशीन असते आणि मराठीत ते मशीन. 'दादी' खोडून 'आजी' केलं. 'पप्पा' खोडून 'बाबा' केलं. प्रश्न आहे म्हणून शेवटी प्रश्नचिन्ह घातलं. खाली लिहिलं, "मुद्द्यांचा विस्तार करा. शुद्धलेखन सुधारा." आणि दहापैकी चार गुण दिले.

पुढचा निबंध त्या मुलाने गाइडमधून उतरवून आणला. एकही चूक नाही. मी सात गुण दिले आणि लिहिलं, "छान प्रगती!"

मित्रहो, हे मला तेव्हा कळलंच नाही. मार्चमध्ये वर्षाच्या नोंदी भरण्यासाठी वह्या समोर घेतल्या, त्याची वही उघडली आणि दोन्ही पानं एकामागोमाग दिसली. एका पोराने मला त्याच्या घरातली सगळ्यात कठीण गोष्ट विचारली होती, मशीन वाचवायचं की म्हातारीला बसायला जागा द्यायची, आणि मी त्याला प्रश्नचिन्ह दिलं होतं. जेव्हा तो खरं लिहीत होता तेव्हा चार गुण, आणि खरं लिहायचं सोडलं तेव्हा सात. मुलं मूर्ख नसतात. बाईंना काय हवं ते त्याला बरोबर कळलं होतं.

त्या रात्री मी त्या सात ओळींखाली एवढंच लिहिलं, "मी हे नीट वाचले नव्हते. आज वाचले. मग दादी कुठे बसली?" दादीची आजी केली नाही.

आठ महिने उशिरा विचारलेला प्रश्न. वही परत आली तेव्हा दोन पानं भरलेली होती. दादी पलंगावरच बसली, मशीनला धरून, रात्रभर. पलंग मोडेल म्हणून पप्पा पाण्यात उभे राहिले. मशीनवर दुसऱ्याचं कापड होतं, ते कोरडं राहिलं. दोन पानांत चुका किती होत्या ते मी मोजलं नाही. पुढे तो लेखक वगैरे झाला नाही, उगाच काही सांगत नाही. दहावीला मराठीत एकसष्ट गुण मिळाले. पण ती दोन पानं त्याची होती, आणि ती माझ्या चांगल्या शिकवण्यामुळे आली नव्हती. एका ओळीमुळे आली होती.

तेव्हापासून मी एक कसोटी लावते. मी लिहिलेला शेरा कापून दुसऱ्या मुलाच्या वहीत चिकटवला तर चालेल का? चालत असेल, तर तो या मुलाला लिहिलेलाच नाही. "छान" कुठेही चिकटतो. "मुद्द्यांचा विस्तार करा" कुठेही चिकटतो. "मग दादी कुठे बसली?" दुसऱ्या कुठल्याच वहीत चिकटत नाही.

तुमच्यातले काही म्हणतील, सरकारने तर हे कधीच सांगितलं आहे. खरं आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, आणि आपल्या राज्याने २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने ते पहिली ते आठवीला लागू केलं. नुसते गुण नकोत, प्रत्येक मुलाबद्दल वर्णनात्मक नोंद हवी. कल्पना उत्तम. पण वर्गात साठ मुलं तशीच, तासिका तेवढ्याच, आणि नोंदी मात्र प्रत्येकाच्या, प्रत्येक विषयाच्या. झालं काय, तर तयार नोंदींची पुस्तकं दुकानात आली, नंतर त्यांच्या पीडीएफ मोबाइलवर फिरू लागल्या. "स्वतःचे विचार स्पष्टपणे मांडतो." "प्रश्नांची योग्य उत्तरे देतो." मीही उतरवल्या आहेत, खोटं कशाला बोलू? मुलं गाइडमधून निबंध उतरवत होती आणि आम्ही पुस्तकातून शेरे. मुलांवर रागवायचा आम्हाला काय अधिकार राहिला?

मी स्वतःपुरता एक मार्ग काढला, तो सांगते. वर्गात बसलेल्या शिक्षकांना उपयोगी पडेल, बाकीच्यांना निदान आपल्या शिक्षकांची कीव येईल.

एकशे अठ्ठावीस वह्या एकदम वाचायच्या नाहीत. आठवड्याला सोळा. आठ आठवड्यांत सगळे होतात, आणि आठवड्याला ऐंशी मिनिटं पुरतात. त्या सोळा वह्या टीव्ही बंद करून. पहिल्या लिखाणावर गुण द्यायचे नाहीत. यामागे माझा हट्ट नाही. इस्रायलमध्ये रूथ बटलर यांनी पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला एक अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त लेखी शेरा, काहींना दोन्ही. फक्त शेरा मिळालेल्यांचं काम सुधारलं. दोन्ही मिळालेल्यांचं मात्र सुधारलं नाही. आपल्याला हे वेगळं सांगायला नको. आपण वही हातात आली की काय बघायचो? आकडा. आणि शेजारच्याचा आकडा. खालची ओळ कोण वाचतो?

मग तीन ओळी लिहायच्या. पहिलीत, मला त्याच्या लिखाणात काय दिसलं ते. "वर्णन छान" नाही. एका मुलीने पहाटेच्या गाडीने दादरला भाजी नेणाऱ्या आईवर लिहिलं होतं. तिला मी लिहिलं, "आईने टोपलीवर ओले फडके टाकले तिथे मला ती दिसली." दुसऱ्या ओळीत एक प्रश्न, ज्याचं उत्तर मला खरंच माहीत नाही असा. आणि तिसऱ्या ओळीत एकच सुधारणा. दहा चुका असल्या तरी एकाच जातीची चूक धरायची, या वेळी मशीन-पलंगाचं लिंग, पुढच्या वेळी ऱ्हस्व-दीर्घ. सगळं पान लाल केलं की मुलाला पान दिसत नाही, फक्त लाल दिसतं. खाली चार ओळी रिकाम्या सोडायच्या, त्याच्या उत्तरासाठी. उत्तर आलं की मग निबंध पुन्हा लिहायचा, आणि त्याला गुण.

हे सगळ्यांच्या बाबतीत चालतं असं नाही. काही मुलं माझ्या प्रश्नाखाली "हो मॅडम" एवढंच लिहितात. एक पालक वही घेऊन आले, "मार्क कुठे आहेत? क्लासवाले विचारतात." त्यांना पटवायला दोन महिने गेले. आणि एकदा मी मोठी चूक केली. एका मुलीने घरातल्या भांडणाबद्दल दोन वाक्यं लिहिली होती. मी माझ्या पद्धतीप्रमाणे खाली प्रश्न लिहिला. दुसऱ्या दिवशी वहीत ते पान नव्हतं. फाडलेलं होतं. वही घरी जाते, ती घरात दुसरं कुणीही उघडतं, हे मला सुचलंच नाही. ती मुलगी पुढे माझ्याशी नीट बोलायलाही बरेच दिवस लागले. तेव्हा शिकले की काही प्रश्न लिहायचे नसतात, शेजारी बसून हळू आवाजात विचारायचे असतात, किंवा विचारायचेही नसतात, नुसतं जवळ असायचं असतं.

मग लिहायचं तरी कशाला, तोंडी सांगावं की, असं कुणी विचारेल. याचं उत्तर मागच्या बाकावरच्या मुलांना विचारा. सगळ्यांसमोर बोललेलं त्यांना झेपत नाही. लिहिलेली ओळ तो घरी जाऊन एकटा वाचतो, चार वेळा वाचतो. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवत होते तेव्हा वसतिगृहातल्या मुलांसाठी स्वतःच्या हाताने 'छात्रालय दैनिक' लिहायचे. दिवसभर त्याच मुलांमध्ये राहणारा माणूस, त्याला बोलता आलं नसतं का? पण हाताने लिहिलेलं आपल्यासाठी म्हणून लिहिलेलं असतं.

आपल्या भागात तर हे जास्तच लागू आहे. आपण घरी सामवेदी बोललो, वाडवळी, आगरी, मांगेली बोललो, आणि शाळेत येऊन पुस्तकातली मराठी लिहिली. आता माझ्या वर्गात भोजपुरी आहे, गुजराती आहे. प्रत्येक मूल घरची भाषा दाराबाहेर चपलांसोबत काढून ठेवतं आणि मग वर्गात येतं. आपल्या नंदाखालचे दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा आपल्या सगळ्यांची छाती फुगली. वाड्यांमधल्या पोराला मराठी आपली वाटू शकते, इतकी आपली वाटू शकते. पण त्यासाठी त्याचा बावखल कुणीतरी न खोडता वाचावा लागतो.

आमचं बावखल आता नाही. भराव घालून बुजवलं, वर इमारत उभी आहे, रहाट कुठे गेला कुणाला ठाऊक नाही. आजोबा तर केव्हाच गेले. ते बावखल काय होतं हे त्यांच्या तोंडून ऐकलेलं, आमच्या घरात लिहिलेलं असं एकाच ठिकाणी आहे, या वहीत, या अर्ध्या पानावर. बाईंनी विचारलं नसतं तर तेही नसतं.

सकाळी चहाच्या वेळी मी बाईंना गाठलं. म्हटलं, "बाई, आमच्या वर्गात साठ जण होते. तुम्ही सगळ्यांच्या वह्या अशा कशा वाचायच्या?" बाई हसल्या. म्हणाल्या, "अगं, सगळ्या कुठे वाचायचे! आठवड्याला दहा. बाकीच्यांवर नुसती सही. पण कुणाची पाळी कधी, ते तुम्हाला कळू द्यायचे नाही." म्हणजे सोळाचा जो हिशेब मी मोठा शोध लावल्यासारखा तुम्हाला सांगितला, तो चाळीस वर्षांपूर्वीचा आहे, आणि आपण तिथेच बसलो होतो.

आता शेवटचं, आणि मग जेवण. आपल्या बॅचने शाळेला देणगी द्यायची ठरवली आहे. पंखे द्या, पाण्याची सोय करा, जरूर करा. पण माझी आणखी एक मागणी आहे. आपल्यातले बरेच जण आता निवृत्त होत आहेत. मुख्याध्यापक सरांची परवानगी असेल तर महिन्यातल्या एका शनिवारी आपल्यापैकी वीस जणांनी शाळेच्या वाचनालयात बसायचं. प्रत्येकाने पाच वह्या घ्यायच्या. गुण द्यायचे नाहीत, चुका काढायच्या नाहीत, ते काम इथल्या शिक्षकांचं. मोबाइलवर फोटो काढायचे नाहीत, वह्या घरी न्यायच्या नाहीत. वाचायचं, आणि खाली दोन ओळी लिहायच्या: मला काय दिसलं, आणि मला काय कळलं नाही. तुम्ही बँकेत होतात, रेल्वेत होतात, वाडीत होतात, त्याने फरक पडत नाही. महिन्याला शंभर मुलांना कळेल की आपलं लिहिलेलं कुणीतरी वाचलं. शनिवारी कोण येणार त्यांनी जेवताना मला नाव द्या. मी वही आणलीच आहे, मागच्या पानांवर जागा आहे.

आणि बाई, त्या अर्ध्या पानाखाली तुम्ही काय लिहिलंत ते तुम्हाला आठवत नसेल. गुण नाहीत, 'छान' नाही. दोनच शब्द आहेत: "कळले. धन्यवाद." तेरा वर्षांच्या मुलीला तिच्या बाईंनी धन्यवाद म्हटलं होतं. तेव्हा त्याचं काय करायचं ते मला समजलं नाही, मी वही मिटून दप्तरात ठेवली होती.

आज उत्तर देते. बाई, कळले. धन्यवाद.